चंद्र तुकडी

आमच्या शाळेत तुकड्यांना अ आणि ब म्हणत नसत. मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, ते पसंत नव्हतं. 'ब' म्हटलं की मुलं खट्टू होतात आणि पालक भांडायला येतात, असं त्यांचं म्हणणं. शाळा खाजगी, फी देणारे पालक, त्यांना दुखवून चालणार कसं? म्हणून तिसरीपासून ज्या दोन तुकड्या पडायच्या, त्यांची नावं त्यांनी ठेवली होती सूर्य आणि चंद्र. हुशार मुलं सूर्यमध्ये, उरलेली चंद्रमध्ये. नाव गोड ठेवलं की गोष्टही गोड होते, अशी त्यांची भाबडी समजूत होती. पण झालं काय, की जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला सूर्यमालेचा धडा आला. चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी सूर्यमधल्या एका मुलाने ते वाक्य आम्हाला पुस्तकातल्यासारखं म्हणून दाखवलं आणि वर जीभ काढली. ब तुकडी परवडली असती.

मी चंद्रमध्ये कशी गेले ते सांगते. दुसरीच्या शेवटी मोठ्या बाई एकेका मुलाला आपल्या खोलीत बोलवायच्या, थोडं वाचून घ्यायच्या, पाढे विचारायच्या आणि जाड वहीत काहीतरी लिहायच्या. मला त्यांनी विचारलं, “सात नवे किती?” मी म्हटलं, “आईला विचारून सांगते.” यात माझी चूक काय ते मला अजूनही कळलेलं नाही, कारण आई शेजारच्याच वर्गात होती. माझी आई त्याच शाळेत शिक्षिका होती. आणि नवी, म्हणून तिला तुकडी दिलेली होती चंद्र.

तर अशी मी माझ्याच आईच्या वर्गात येऊन पडले. बाईंची मुलगी चंद्रमध्ये, हे त्या शाळेत आजवर घडलेलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत 'दिव्याखाली अंधार' असं कुणीतरी म्हणालं, आणि ते आईच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणालं. आईने मला घरी काही सुनावलं नाही. फक्त शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वेणी घालताना म्हणाली, “शाळेच्या फाटकाच्या आत मी बाई. आई म्हणून हाक मारायची नाही. पट्टीही इतरांसारखीच मिळेल.” पट्टी तिने कधी कुणालाच मारली नाही, पण पहिला नियम तिने कडक पाळला. एकदा पोटात कळ आली तेव्हा मी हात वर करून “बाई, बाई” करत रडत होते, आणि तिने इतर कुणाला विचारलं असतं तसंच मला विचारलं, “काय गं, काय होतंय?” मला त्या क्षणी तिचा फार राग आला होता.

तेव्हा आम्ही नाशकातल्या इंदिरानगरात राहत होतो. आता तिथे रस्ता ओलांडायला दहा मिनिटं थांबावं लागतं. तेव्हा मोजून काही घरं होती आणि पलीकडे द्राक्षांचे मळे. औषध फवारलं की वास थेट स्वयंपाकघरात येई. बाबा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होते. पहाटे त्यांची बस मुंबई नाक्यावर यायची, म्हणून आमच्या घरात सूर्य उगवायच्या आधीच भांडी वाजू लागत. कधी विमान डोक्यावरून गेलं की बाबा, हातात काही असो, अंगणात जाऊन वर बघत. “आवाज बरोबर आहे,” असं म्हणून परत आत येत. दुसऱ्या कुठल्याही विषयात त्यांना इतकी खात्री नसे. सात वाजले की मी आणि आई चालत शाळेला निघायचो. त्या वाटेवर ती आई असायची. सोनचाफ्याचं एक झाड लागायचं, तिथून पुढे ती गप्प व्हायला लागायची, आणि फाटक आलं की झालीच बाई.

त्या वर्षी घरात चौथं माणूस आलं, माझी आत्या. बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान मनमाडला रेल्वेत होते. ते गेल्यावर आत्या तिथल्याच रनिंग रूममध्ये स्वयंपाकाला लागली. इंजिन चालवणारे आणि गार्ड ड्युटी संपवून जिथे जेवतात, झोपतात, ती जागा. दहा-बारा वर्षं तिने तिथे पोळ्या लाटल्या. मग गुडघे धरले आणि बाबा तिला घरी घेऊन आले. ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक, एक लाटणं आणि प्रचंड आवाज होता. गाड्यांच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे “मीठ दे” म्हणाली तरी शेजारी दचकायचे. आल्याबरोबर तिने आईच्या हातातली परात काढून घेतली. “सुमन, तू पोरं शिकव. चुलीपाशी तुझं काय काम नाय.” आईला सासू नव्हती, त्यामुळे कुणी असं हक्काने बाजूला सारलेलंही तिला बरं वाटलं असावं. त्या दिवसापासून आमचा डबा म्हणजे घडीच्या मऊ पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कधी गुळांबा. आत्याची पोळी दुपारी एक वाजताही सकाळसारखी असे. मी पुढे पन्नास वर्षं प्रयत्न केला, मला ती जमलेली नाही.

आत्याला अक्षर येत नव्हतं. सही करायची वेळ आली की अंगठा. पण आकडे मात्र सगळे यायचे, आणि पाढे तिसापर्यंत, शिवाय पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही. लहानपणी भावांना पंतोजी शिकवायचे ते तिने दाराआडून ऐकून पाठ केलेलं. रनिंग रूममध्ये आज किती माणसं, कणीक किती भिजवायची, हे ती उभ्याउभ्या सांगायची. मला गणित येत नाही, हे कळल्यावर तिला आधी ते खरंच वाटेना. “गणित येत नाय म्हंजे काय? भूक लागत नाय का तुला?” मग संध्याकाळी आई वह्या तपासत बसली की आत्या मला ओट्यापाशी बसवायची, परातीत पीठ पसरायची आणि बोटाने आकडे काढायची.

“संगे, ऐक. इंजिनावरनं पंधरा गडी उतरलेत. एकेक गडी आठ पोळ्या हाणतो. किती लाटू?”

मी बोटं मोजत बसले की म्हणायची, “आगं, गडी उपाशी बसलेत! मेल सुटल त्यांची!” आणि खरोखरच मला ते दारात ताटकळलेले, काळ्या हातांचे गडी दिसायला लागायचे. मी घाईघाईने आधी दहा गड्यांच्या ऐंशी पोळ्या करायची, मग उरलेल्या पाचांच्या चाळीस, मग मिळवायची. शाळेत उभी मांडणी, हातचा, रेघ, असं सगळं असायचं आणि त्यात माझा हातचा कायम कुठेतरी हरवायचा. आत्याच्या हिशेबात हातचा नावाचा प्राणीच नव्हता. जे काही होतं ते पीठ आणि पोळ्या.

आईचा वर्ग कसा होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चंद्रचे चाळीस जण. त्यात काही खरोखर मंद होते, काही नुसतेच लाजरे, काही जणांना खिडकीबाहेर बघायला आवडायचं. माझ्या बाकावर नसरीन बसायची. तिचे वडील जुन्या नाशकात तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावं कोरायचे. तिच्या घरी उर्दू बोलत. मोठ्या बाईंच्या खोलीत ती घाबरून एक शब्द बोलली नव्हती, आणि न बोलणारी मुलगी हुशार असेल ही शंका मोठ्या बाईंना आली नव्हती. खरं तर वर्गात सगळ्यांत आधी उत्तर तिचं तयार असायचं. ते ती माझ्या कानात सांगायची आणि मी मोठ्याने सांगायची, असा आमचा काही दिवस व्यवहार होता, तो आईने आठवड्यात पकडला.

पाण्याच्या टाकीपाशी त्या मुलाने आम्हाला परप्रकाशित म्हटलं, त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आमचा वर्ग अगदी पडला होता. दोघं तर रडत होते. आईने विचारून घेतलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, “सूर्यावर कुठला सण असतो, सांगा बरं.” बराच वेळ कुणाला सुचेना. मग कुणीतरी म्हणालं, संक्रांत. “बरं. आणि चंद्रावर?” गणपती, दिवाळी, होळी, राखी, नागपंचमी, कोजागिरी, आमची यादी संपेना. आणि मग माझ्या शेजारची नसरीन, जिने शाळा सुरू झाल्यापासून मोठ्याने तोंड उघडलं नव्हतं, उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आमची ईद पण चांदवरच असते.” आईने तिच्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर नसरीन बोलायला लागली ती थांबेचना, हा भाग वेगळा.

दसऱ्याच्या आसपास बातमी आली की सूर्यमधल्या एका मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि त्याचा बाक रिकामा झाला. मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, सहामाहीत चंद्रमधून जो पहिला येईल, त्याला दिवाळीनंतर ती जागा. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मला सूर्यमध्ये जायचं होतं. अभ्यासाच्या ओढीने नव्हे. तिथे गेले की मधल्या सुट्टीत मला कुणी चिडवणार नाही आणि आईला कुणी 'दिव्याखाली अंधार' म्हणणार नाही. हे दुसरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मी सकाळी दात घासताना पाढे म्हणायची. बाबा म्हणायचे, “पोरगी फेस उडवतेय की बेचा पाढा?”

परीक्षेच्या आधीच्या रविवारी आई प्रश्नपत्रिका काढायला बसली. तेव्हा पेपर छापून येत नसत. बाईंनीच काढायचे, मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचे, आणि शाळेतला शिपाई यंत्रावर त्याच्या शाईच्या वासाच्या प्रती काढायचा. आई दार लावून आतल्या खोलीत बसायची, मला त्या दिवशी तिकडे फिरकायची बंदी. लिहून झालं की मेणकागद कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला. एवढी दक्ष बाई. पण आधी जो कच्चा कागद केला होता, तो तिने चुरगाळून बंबाच्या जळणात टाकला. सकाळी बंब पेटणार, पाणी तापणार आणि कागदाची राख होणार, हे रोजचंच होतं. आईला फक्त एवढंच सुचलं नाही, की बंब पेटवणारं माणूस आता बदललं होतं.

आत्याने पहाटे तो कागद उलगडला. अक्षरं तिच्यासाठी नव्हतीच, पण आकडे तिला दिसले. तिला वाटलं, सुमनने पोरीसाठी गणितं काढली आणि कामाच्या घाईत विसरून टाकून दिली. चांगले आकडे असे जाळायचे? तिने कागद डब्याखाली ठेवला आणि तीन दिवस मला त्या आकड्यांच्या पोळ्या करायला लावल्या. अठ्ठेचाळीस गडी, एकेकाला बारा पोळ्या. “एकेकाला बारा?” मी विचारलं. “गार्डाला नाय जायच्या, इंजिनवाल्याला जात्यात,” आत्या म्हणाली. मी अठ्ठेचाळीस गड्यांना आधी दहा-दहा वाढल्या, मग दोन-दोन.

गणिताचा पेपर हातात आला आणि मला सगळे आकडे ओळखीचे वाटले. खरं सांगते, मला जराही संशय आला नाही. मला वाटलं, आत्याला जगातली सगळी गणितं येतात, त्यात ही असणारच. मी भराभर लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवलं. शेजारून नसरीन बघतच राहिली.

पेपर तपासायला आई शनिवारी दुपारी चटई टाकून बसली. मी खोटं खोटं भरतकाम करत तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझा पेपर आला. ती बरोबरच्या खुणा करत गेली, करत गेली, तिचा चेहरा उजळत गेला. माझ्या मांडण्या बिंडण्या काही नव्हत्या, नुसती उत्तरं होती, पण त्याचं तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. शेवटच्या गणिताला ती एकदम हसायला लागली. तिने बाबांना हाक मारली. “अहो, बघा. एका पेटीत अठ्ठेचाळीस संत्री, तर बारा पेट्यांत किती? तुमची मुलगी लिहिते, पाचशे शहात्तर पोळ्या!” बाबाही हसले, मीही हसले. आतून आत्याही हसत आली आणि म्हणाली, “मंग? बरोबर हाय की. अठ्ठेचाळीस गडी, बारा-बारा पोळ्या. आमी केलंय ते गणित.”

आई हसायची थांबली. “हेच आकडे, वन्सं?”

“हेच. तूच टाकला व्हता की कागद बंबापाशी. सगळी गणितं करून घेतली मी पोरीकडून. वाया नाय जाऊ दिली एकबी.” आणि डब्याखालचा कागद तिने मोठ्या अभिमानाने आणून दाखवला.

आईने तो कागद हातात घेऊन सरळ केला. मग तिने आत्याला समजावून सांगितलं, की हा परीक्षेचा पेपर होता. आत्याला ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिचा तो एवढा मोठा आवाज एकदम गेला. “म्या पोरीला चोर केली का गं?” ती हळूच म्हणाली. आई म्हणाली, “तुम्ही नाही. कागद मी टाकला.”

बाबा म्हणाले, “घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. पोरीला ठाऊक नव्हतं, ताईला ठाऊक नव्हतं. पाप कुणाला लागतं?”

“तुमच्या कारखान्यात एखादा भाग केसाएवढा कमी भरला तर काय करता?” आईने विचारलं.

“टाकून देतो.”

“मग?”

“पण ही माझी मुलगी आहे, सुमन. नटबोल्ट नाही.”

आईने माझा पेपर उचलून बाजूला ठेवला. त्याखाली नसरीनचा होता. ती दुसरी होती. सोमवारी आई मोठ्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाईंना ते मुळीच नको होतं. त्यांचं म्हणणं, मुलगी पहिली आली, जागा रिकामी आहे, शिक्षिकेच्या मुलीने चंद्रमध्ये बसणं शाळेलाही शोभत नाही, सगळ्यांचीच सोय होते आहे. आई ऐकेना. शेवटी ठरलं, चंद्र तुकडीचा गणिताचा पेपर पुन्हा होईल. वर्गात आईने सांगितलं, “पेपर काढताना माझ्याकडून चूक झाली. तुम्हाला परत बसावं लागेल, मला माफ करा.” चाळीस मुलं कण्हली. चूक माझ्यामुळे, हे मुलांमध्ये फक्त मलाच माहीत होतं, आणि मी आईशी दोन दिवस बोलले नाही. शाळेतही नाही आणि सोनचाफ्याच्या अलीकडेही नाही. मला ती जगातली सर्वांत वाईट आई वाटत होती. लोकांच्या आया मुलांसाठी काय काय करतात, आणि ही माझं हातात आलेलं काढून घेते!

आत्याचं त्याहून वाईट झालं. ती पोळ्या लाटायची, पण मला ओट्यापाशी बोलावेना. तिसऱ्या संध्याकाळी आईने स्वतः परातीत पीठ पसरलं आणि तिला हाताला धरून आणलं. “वन्सं, कागद चुकीचा होता, शिकवणं नाही. तिला गणित यायला लागलंय ते तुमच्यामुळे. ते मी थांबवू देणार नाही.” आत्याने डोळे पुसले, पिठाचे पांढरे पट्टे गालावर ओढले, आणि विचारलं, “मंग आता कोणचे आकडे घिऊ?” आई म्हणाली, “तुम्हाला हवे ते. मला फक्त सांगू नका.”

दुसरा पेपर मी खरंच चांगला सोडवला. एकही उत्तर चुकलं नसावं, असं वाटत होतं. निकाल लागला तेव्हा नसरीन माझ्यापुढे होती, एकूण बेरजेत एका मार्काने. आईने पेपर हातात दिला. दोन गणितांपुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'उत्तर बरोबर, रीत नाही', आणि एकेक मार्क कापलेला. पहिल्या पेपरातही माझी रीत नव्हती आणि तेव्हा काही कापलं नव्हतं, हे मला त्या वयात सुचलं नाही. मी फक्त रडले. दिवाळीनंतर नसरीन सूर्यमध्ये गेली. तीही पहिल्या दिवशी रडली, आणि डबा खायला आमच्याच वर्गात आली, आणि मग वर्षभर येतच राहिली. तिला आत्याचा गुळांबा आवडायचा. मला पहिले आठ दिवस तिचा राग होता. नवव्या दिवशी मी तो विसरले, कारण डब्यात शेवटचा एकच घास उरला होता आणि तो तिने मला दिला.

आणि चंद्रचं ते उरलेलं अर्धं वर्ष? माझ्या आख्ख्या शाळेतलं तेवढंच मला नीट आठवतं. आईने वर्गात पोळ्यांची गणितं सुरू केली. मुलं इंजिनवाले व्हायची, गार्ड व्हायची, एक जण कायम उशिरा येणारी गाडी व्हायचा. एका शनिवारी आई आत्यालाच वर्गात घेऊन आली. तिने दारातूनच “उपाशी कोण हाय?” असं विचारलं, तर पलीकडच्या सूर्यच्या वर्गातलीही मुलं हात वर करून उभी राहिली म्हणे. मी आईकडे बघत बसायची. ती फळ्यावर लिहिताना टाचा उचलायची, खडूचा हात पदराला पुसायची, ढकलत ढकलत वाचणाऱ्या मुलाच्या पुढे न जाता त्याच्याबरोबर थांबून राहायची. घरी ती कायम कामात असे. तिथे मला ती पाच तास पुरत असे. चौथीत मी वार्षिक परीक्षेच्या मार्कांवर आपोआप सूर्यमध्ये गेले. तिथे काय होतं? तेच बाक, तीच खिडकी. बाई मात्र दुसऱ्या.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझी नात ओवी हल्ली पाथर्डी फाट्याजवळच्या एका मोठ्या शाळेत जाते. तिथे वर्गात रंगीत टेबलं आहेत. कुणी कुठल्या टेबलावर बसायचं हे चाचणीवर ठरतं, आणि ते त्याच दिवशी आईबापांच्या मोबाइलवर येतं. रंगाचा हुशारीशी काही संबंध नाही, असं शाळा सांगते. सात वर्षांच्या ओवीला तो संबंध तोंडपाठ आहे. त्या दिवशी ती नाचत आली, “पणजी, मी यलोमधून ग्रीनवर गेले!” माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती खिडकीपाशी वाटाणे सोलत बसली होती. तिने ओवीला जवळ घेतलं, पापा घेतला, आणि विचारलं, “मग ग्रीनवरून कोण उठलं?” ओवी म्हणाली, “आर्या. ती रडली.” आणि खेळायला पळाली.

आई शेंगा सोलत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “संगीता, तुला एक सांगायचं राहिलंय. सहामाहीचा तो दुसरा पेपर. रीत नाही म्हणून तुझे दोन मार्क कापले होते मी.”

“माहीत आहे. अजून विसरले नाही.”

“नसरीनच्याही एका गणितात रीत नव्हती. तिचा मी नाही कापला.”

मी विचारलं, “का गं?”

“लोक म्हणतील मुलीला वर चढवली, ही भीती होती. मोठ्या बाईंना एवढं ताठ मानेनं सांगून आले होते ना. पण ते अर्धंच.” तिने हातातली शेंग खाली ठेवली. “तू सूर्यमध्ये गेली असतीस, तर मी वर्गात कुणाकडे बघायचं? घरी मला कुठे सवड होती तुझ्याकडे बघायला? वर्गात तू दिवसभर समोर असायचीस. बाई म्हणायचीस, पण समोर असायचीस. लाल पेन हातात होतं, आणि मला वाटलं, राहू दे हिला माझ्यापाशी. एक वर्ष राहू दे. तुझ्या बाबांनासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. नात असलेल्या बाईला तिसरीतल्या मार्कांचा राग यावा, याचं हसूही आलं. आणि मग रडू आलं, कारण मला सूर्यमध्ये जायचं होतं ते तिच्यासाठी, आणि तिने मला ठेवून घेतलं ते माझ्यासाठी वेडी होऊन, आणि इतकी वर्षं आम्ही दोघी हे एकमेकींना न सांगता जेवत होतो. मी तिच्या मांडीवरची परात बाजूला केली, तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, “मग आता तरी दे माझे ते दोन मार्क.”

आई विचारात पडली. अगदी खरोखर विचारात पडली, पेपर समोर असल्यासारखी.

“एक देते,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही दोघी सारख्या. दुसरा नाही मिळायचा. रीत नव्हतीच गं तुझी.”